क्षमाशील बेरीज, कठोर वजाबाकी

इंजिनिअरिंगच्या गणितात ‘न्यूमेरिकल मेथड्स’ हे प्रकरण बहुधा अभ्यासक्रमाच्या शेपटाला लावलेले असते. समलंब चौकोनांचा नियम, सिम्प्सनचा एक-तृतीयांश नियम, तीन-अष्टमांश नियम, पुढचे फरक, मागचे फरक. विद्यार्थी सूत्रे घोकतात, सहा भाग पाडून तक्ता भरतात, हक्काचे मार्क घेतात आणि पेपर संपताच विसरतात. दोष त्यांचा नाही. वर्षानुवर्षे चालत आलेली एक समजूत त्यांच्यापर्यंत पोचलेली असते: सूत्राने सुटले ते खरे गणित, आकडे घालून काढले ते कामचलाऊ. संकलन जमेना तर सिम्प्सन लावा, विकलन जमेना तर दोन किमतींची वजाबाकी करून भागा. अडल्या हरीने धरलेले पाय, एवढीच या पद्धतींची किंमत.

ही समजूत उथळ आहे. मला इथे तीन गोष्टी दाखवायच्या आहेत. एक, ज्याला आपण अचूक उत्तर म्हणतो त्याच्या तळाशीही आकड्यांची बेरीजच असते. दोन, आकड्यांच्या बेरजेने आपल्याच भूमीत एक चुकीचे सूत्र खोडून काढले आहे. तीन, आणि माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोलाचे, संकलन आणि विकलन ही वर्गात एकमेकांची उलट दिसणारी जोडी प्रत्यक्ष मोजमापाला भिडली की स्वभावाने पूर्ण वेगळी ठरते. आणि हा स्वभावभेद सूत्रांच्या वहीत कधीच दिसत नाही.

१. सूत्राच्या तळाशी काय असते

एकभागिले-क्ष या वक्राखालचे, १ ते २ या अंतरातले क्षेत्रफळ काढायचे आहे. वहीतले उत्तर एका ओळीचे: लॉग २. त्याखाली दुहेरी रेघ मारली की विषय संपला असे वाटते. पण लॉग २ म्हणजे किती? लॉगॅरिथम हे त्या क्षेत्रफळालाच दिलेले नाव आहे. नाव दिल्याने मोजणी होत नाही. कधीतरी कुणीतरी बसून बेरीज केली आणि कोष्टक छापले, म्हणून ते नाव आपल्या उपयोगी पडते. कॅल्क्युलेटरचे बटणही आतून असेच मोजत असते.

आता तीच मोजणी हाताने करून पाहू. सगळे अंतर एकच पट्टी धरले तर समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ ०.७५ येते. दोन पट्ट्या केल्या की ०.७०८३३, चार केल्या की ०.६९७०२. पहिल्या दोन उत्तरांतला फरक ०.०४१७, पुढच्या दोनांतला ०.०११३. फरक सुमारे चौपटीने आटला. सरळ वळणाच्या वक्रावर हा नियम असाच वागतो: पट्टी निम्मी केली की चूक चौथाई होते. म्हणजे शेवटच्या उत्तरातली चूक ०.०११३ च्या एक-तृतीयांश, सुमारे ०.००३८ असणार. खरे उत्तर ०.६९३१५ आहे आणि खरी चूक ०.००३९. खऱ्या उत्तराकडे न पाहता चूक किती, हे मोजणीनेच सांगितले. ती वजा करा, म्हणजे शेवटच्या उत्तराच्या चौपटीतून त्याच्या आधीचे वजा करून तिनाने भागा: ०.६९३२५. हाच सिम्प्सनचा नियम. विद्यार्थ्याला ‘१, ४, १’ असा मंत्र म्हणून तो पाठ करायला लावतात. त्यामागे चुकीच्या वागण्याचा हा अभ्यास आहे, हे सांगायला मात्र दहा मिनिटे मिळत नाहीत.

शिवाय लॉगसारखे नाव तरी किती क्षेत्रफळांना मिळते? संख्याशास्त्रातला घंटेसारखा वक्र घ्या. त्याच्या संकलनाला नेहमीच्या फलांतले सूत्र असूच शकत नाही, हे लिऊव्हिलने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या सिद्धांतावरून सिद्ध होते. लंबवर्तुळाच्या परिघाचे तेच, मोठ्या झोक्याने हलणाऱ्या लंबकाच्या आवर्तनकाळाचेही तेच. आणि निसर्गाकडे वळलो तर प्रश्नच मिटतो. हुबळी-धारवाडला पाणी देणारे रेणुकासागर सौंदत्तीजवळ मलप्रभेच्या खोऱ्यात आहे. त्या खोऱ्याच्या उतारांना कोणते सूत्र लावणार? धरणात पाणी किती मावते हे काढताना समोच्च रेषांच्या आतली क्षेत्रफळे घ्यायची, थराथराने घनफळ काढायचे आणि बेरीज करायची. इथे दुसरे, जास्त खरे असे उत्तर कुठे लपून बसलेले नाही.

२. भास्कराचार्यांची बेरीज

‘ठीक आहे, व्यवहाराला बेरीज लागते, पण सिद्धांत सूत्रांतूनच येतो,’ असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत आहे. ग्रंथ ११५० सालचा, लिहिताना त्यांचे वय ३६. त्यांचे गाव कोणते यावर वाद आहे. कुणी विजापूर म्हणतात, कुणी चाळीसगावजवळचे पाटण, जिथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी माणूस आपल्याच मुलखातला.

प्रश्न होता गोलाच्या पृष्ठफळाचा. आधीचे ज्योतिषी लल्लाचार्य यांनी त्याला एक नियम दिला होता: वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ. दिसायला सुटसुटीत, पण चूक. भास्कराचार्यांनी तो खोडला आणि खोडताना मोजणी केली. आवळ्यावर वरून खाली रेषा असतात तशा रेषांनी गोलाच्या पृष्ठाचे ९६ काप कल्पायचे. एका कापाची रुंदी मध्यावर १ आणि ध्रुवाकडे साइनच्या प्रमाणात कमी होत जाणारी. ज्योतिषाच्या कोष्टकात पाव वर्तुळाच्या २४ साइन तयारच असतात. त्यांची बेरीज करा, तीतून त्रिज्येचे अर्ध वजा करा, त्रिज्येच्या अर्धाने भागा. एका कापाचे क्षेत्रफळ मिळते.

त्रिज्येचे अर्ध का वजा करायचे? कारण शेवटची साइन म्हणजे त्रिज्या, आणि टोकाची किंमत निम्मी धरायची. हा शब्दशः समलंब चौकोनांचा नियम आहे. आजच्या आकड्यांनी करून पाहा: उत्तर ३०.५५ येते. ज्याचा परीघ ९६, त्या गोलाचा व्यास ३०.५६. दोघांत साधारण २८०० त एक इतका फरक. म्हणजे एका कापाचे क्षेत्रफळ व्यासाइतके आणि सगळ्या गोलाचे पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. आर्किमिडीजने हे सत्य वेगळ्या, भूमितीच्या वाटेने भास्कराचार्यांच्या १३०० वर्षांहून अधिक आधी सिद्ध केले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मुद्दा श्रेयाचा नाही. सुटसुटीत सूत्र चुकीचे होते आणि ‘अंदाजे’ बेरीज बरोबर होती, हा मुद्दा आहे. मोजणीने नियम सुचवला, चुकीचा नियम मोडला. असे असताना मोजणीला सिद्धांताची मोलकरीण म्हणणे हा इतिहासाचा अपमान आहे.

३. एकाच कोष्टकाचे दोन स्वभाव

आता मुख्य मुद्दा. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास साइनचे कोष्टक दिले, ते साइनच्या किमती म्हणून दिले नाही, तर लागोपाठच्या किमतींतले फरक म्हणून दिले. त्रिज्या ३४३८ कला, टप्पा पावणेचार अंशांचा. पहिले आठ फरक असे: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. पुढचे दोन १९१ आणि १८३.

आठही फरकांची बेरीज करा. १७१९ येते. आठ टप्पे म्हणजे ३० अंश, त्याची साइन त्रिज्येच्या निम्मी, आणि ३४३८ चे निम्मे १७१९ च. प्रत्येक फरक पूर्णांकात बसवलेला आहे, प्रत्येकात थोडी खोट आहे, तरी बेरीज नेमकी लागली. एकाची खोट अधिक, दुसऱ्याची उणी. बेरजेत त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

त्याच कोष्टकावर उलटी क्रिया करा, फरकांचे फरक काढा. २१५ आणि २१० मध्ये ५, पुढे ५, मग ६, मग ८, मग ८. आर्यभटालाच माहीत असलेल्या नियमाप्रमाणे हे दुसरे फरक साइनच्या प्रमाणात सावकाश वाढायला हवेत: ४.७, ५.६, ६.५, ७.४, ८.२. कोष्टकातले फरक एकाच जागी थबकतात आणि मग उडी मारतात. आकडे तेच, खोट तीच, अर्ध्या-एका कलेची. बेरजेत ती दिसेनाशी झाली. वजाबाकीत सात-आठच्या आकड्यावर दहा टक्क्यांच्या घरात जाऊन बसली.

संकलन खोट पचवते, विकलन खोट फुगवते. कॅल्क्युलसच्या मूलभूत प्रमेयाप्रमाणे दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत, हे खरेच. पण ते प्रमेय निर्दोष फलांबद्दल बोलते. मोजून आणलेल्या आकड्यांच्या जगात एक उताराचा रस्ता आहे, दुसरा चढाचा.

४. रस्त्यावरचे विकलन

हुबळीतला लॅमिंग्टन रोड घ्या. मुंबईकरांनी ग्रँट रोडजवळचा आपला समजू नये. नाव त्याच लॉर्ड लॅमिंग्टनचे, जे १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्या वेळी हुबळीही त्याच इलाख्यात होती. या रस्त्यावरून एक रिक्षा ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, चालली आहे असे समजू. बसलेल्या माणसाच्या फोनला दर सेकंदाला आपले ठिकाण कळते, पण ३ मीटर इकडे-तिकडे.

दोन लागोपाठच्या ठिकाणांची वजाबाकी करून वेग काढला तर वाईटात वाईट स्थितीत ६ मीटरची चूक पडेल. खऱ्या ५ मीटरच्या जागी ११ दिसतील किंवा उणे १. म्हणजे एका क्षणी रिक्षा ताशी ४० ने धावते आणि दुसऱ्या क्षणी मागे सरकते. लागोपाठच्या चुका एकाच दिशेच्या असतात तेव्हा प्रत्यक्षात इतकी दैना होत नाही, पण धोका हाच. उपाय म्हणून दहा सेकंदांच्या अंतराने वजाबाकी करा. चूक सेकंदाला ०.६ मीटरवर येते, ताशी जेमतेम दोन किलोमीटर. मात्र त्या दहा सेकंदांत रिक्षावाल्याने सिग्नलपाशी ब्रेक मारला आणि पुन्हा गाडी हाणली तर ते सगळे सरासरीत पुसले जाते. टप्पा लहान तर मोजमापाची खोट मोठी. टप्पा मोठा तर पद्धतीची खोट मोठी. दोन्हींच्या मधला टप्पा निवडणे हे विकलनाचे खरे कौशल्य आहे. म्हणूनच जीपीएस यंत्रे वेगासाठी बहुधा ठिकाणांच्या वजाबाकीवर विसंबत नाहीत. उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडणारा डॉप्लर फरक मोजून वेग थेट काढतात. विकलन टाळता आले तर टाळायचे, हा शहाणपणा त्या यंत्रांत घालून ठेवलेला आहे.

आता उलट बाजू. वेग दर सेकंदाला मोजला आणि प्रत्येक मापात दहा टक्के, म्हणजे अर्धा मीटर, कधी अधिक कधी उणी अशी चूक असली, तर शंभर सेकंदांची बेरीज ५०० मीटरच्या आसपास येईल आणि तिच्यातली चूक साधारण ५ मीटर असेल. दहा टक्क्यांची मापे, एक टक्क्याचे उत्तर.

मात्र बेरजेच्या क्षमेला एक अट आहे. चूक दोन्ही बाजूंना पडणारी हवी. वेगमापक नेहमीच दहा टक्के जास्त दाखवत असेल तर ५०० च्या जागी ५५० येतील आणि कितीही वेळ बेरीज केली तरी ते भरून निघणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धात २५ फेब्रुवारीला धहरान येथे हेच घडले. पॅट्रिअट क्षेपणास्त्र यंत्रणा वेळ एकदशांश सेकंदांत मोजत होती. एकदशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पुरती मावत नाही, म्हणून तिचे शेपूट कापलेले होते, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला. सुमारे १०० तास यंत्रणा चालू राहिल्यावर घड्याळ सेकंदाच्या एक-तृतीयांशाने मागे पडले. येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ सैनिक मेले.

५. आक्षेप: संगणक आहे, टप्पा हवा तितका लहान करा

हा आक्षेप हुशार विद्यार्थीच घेतात, आणि तो संकलनापुरता बराचसा खरा आहे. विकलनात तो तोंडावर आपटतो. चार अंकी कोष्टकातून १ रेडियनपाशी साइनचा विकलज काढून पाहा. खरे उत्तर ०.५४०३. साइन १ = ०.८४१५. टप्पा ०.१ घेतला तर ०.८९१२ मधून ते वजा करून ०.४९७ येते. टप्पा ०.०१ केला तर ०.५३, उत्तर सुधारले. टप्पा ०.००१ केला तर ०.५, उत्तर बिघडले. टप्पा ०.०००१ केला तर दोन्ही किमती ०.८४१५ च, वजाबाकी शून्य, विकलज शून्य. संगणकाकडे चारच्या जागी सोळा अंक असतात, म्हणून हा खड्डा पुढे ढकलला जातो. टप्पा एक-दशकोट्यंशाच्या आसपास पोचला की तिथेही उत्तर बिघडू लागते.

आणि उपाय यंत्राने सुचवलेला नाही, विचाराने सुचलेला आहे. एका बाजूची वजाबाकी सोडून दोन्ही बाजूंची करा: साइन १.१ मधून साइन ०.९ (०.७८३३) वजा करून ०.२ ने भागा. उत्तर ०.५३९५. टप्पा तोच मोठा ०.१, कोष्टक तेच चार अंकी, आणि आधीच्या कोणत्याही उत्तरापेक्षा हे सरस. जास्त ताकद लावण्यापेक्षा चुकीचा स्वभाव ओळखणे फायद्याचे ठरले.

६. आक्षेप: अंदाजाची सवय लागली की शिस्त सुटते

याचे उत्तर देताना मला नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे स्मरण होते. कोकणकिनाऱ्यावरच्या या ज्योतिष्याने १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचले आणि ग्रहगणितातून साइनच काढून टाकली. तिच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची निकट सूत्रे घातली. दिवसांचे प्रचंड आकडे टाळण्यासाठी ४०१६ दिवसांचे, म्हणजे ११ वर्षांचे चक्र धरले. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात शतकानुशतके पंचांगे या ग्रंथावरून निघाली. साइन गाळली म्हणजे बेशिस्त झाली का? उलट, किती ढोबळपणा चालेल याचा अंदाज पक्का असल्याशिवाय असे धाडस जमत नाही.

पुढे ग्रहलाघवावरची ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली, हेही खरे. पण त्याचे खापर निकट सूत्रांवर फोडता येत नाही. मूळच्या गतींतली बारीक खोट एकाच दिशेची होती, आणि चक्रामागून चक्रे बेरीज होत गेली. लॅमिंग्टन रोडवरच्या बिघडलेल्या वेगमापकासारखेच. ठरावीक काळाने आकाश पाहून आकडे दुरुस्त करायचे, ही ज्योतिष्यांची जुनी शिस्त मधल्या पिढ्यांनी सोडली. ती केरूनाना छत्र्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढून पुन्हा धरली. नरगुंदला जन्मलेल्या आणि बागलकोटला मास्तरकी केलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ लिहून ती पुढे नेली. हे गणित हुबळीच्या शेजारी, एका शाळामास्तराने केलेले आहे. ते कामचलाऊ होते असे म्हणण्याचे धाडस कुणी करावे?

शिस्त म्हणजे काय, याचा दुसरा नमुना फ्रान्सचा. १७५८ साली क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी महिनोन्‌महिने हाताने संख्यात्मक संकलन करून हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ कधी येणार ते काढले: पुढच्या वर्षीच्या एप्रिलचा मध्य, महिनाभर इकडे-तिकडे. धूमकेतू १३ मार्च १७५९ ला आला. क्लेरोने ‘महिनाभर’ हे शब्द घातले नसते तर भाकीत चुकले असते. ते घातल्यामुळे ते ज्ञान ठरले.

७. मग शिकवायचे काय

तक्ते भरून घेणे थांबवा असे मी म्हणत नाही. हाताने केल्याशिवाय आकड्यांची ओळख होत नाही. पण एकच संकलन तीन टप्प्यांनी करायला लावा आणि उत्तरांतले फरक शेजारी मांडायला लावा. एक विकलन मुद्दाम इतक्या लहान टप्प्याने करायला लावा की उत्तर शून्य यावे, आणि का आले ते लिहून घ्या. आर्यभटाचे फरक फळ्यावर लिहा; मुलांना बेरीज करू द्या, मग वजाबाकी करू द्या.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. सिम्प्सनच्या प्रश्नाखाली दोन मार्कांचा एक उपप्रश्न घाला: ‘तुमच्या उत्तराचे किती अंक भरवशाचे आहेत, आणि कशावरून?’ मार्क असतील तर शिकवले जाईल, आणि शिकवले तर मुलांना ते नक्की जमेल.